पणजीचं माहेरचं आडनाव कागदोपत्री कसं शोधायचं?

पिंपळपान
वंशावळ मांडायला घेतली की पुरुषांची नावं सात-आठ पिढ्या सरळ लागत जातात आणि बायकांच्या चौकटीत नुसतं 'लक्ष्मीबाई' किंवा तेही नाही. पणजीचं माहेरचं आडनाव हवं आहे, जमलं तर गावही. हाताशी एवढं आहे:

सासरचं नाव सरस्वती, नवरा गोविंद. सासर माण तालुक्यात, सातारा जिल्हा. जन्म अंदाजे १८९० ते १८९५. मृत्यू १९३८. तीन मुलगे, थोरला १९११च्या आसपासचा. सासरच्या जमिनीचे सातबारे आणि फेरफार पाहून झाले. मृत्यूच्या नोंदीत 'सरस्वती कोम गोविंद' एवढंच आहे. तिला घरात 'औंधकरीण' म्हणत, म्हणून वंशावळीत सध्या 'औंधकर' लिहिलं आहे. पुढे कुठे जावं?

रिकामटेकडा
रुमाल टाकून जागा धरून ठेवतो.

मोडीवेडी
पेशवे दफ्तरात आधीच हजारो रुमाल (फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत, त्यात तुमचा आणखी एक कशाला?

पिंपळपान, 'औंधकर' आधी खोडा. 'औंधकरीण' हे आडनाव नव्हे, सुनेला तिच्या गावावरून मारलेली हाक आहे. ओतूरची ती ओतूरकरीण, मग तिच्या बापाचं आडनाव डुंबरे असो नाहीतर आणखी काही. वंशावळीत हे एकदा आडनाव म्हणून चढलं की पुढचे तीन जण तेच उतरवून घेतात आणि मग तेच 'पुरावा' होतं.

आप्पा_दप्तरी
सासरच्या दप्तरात तिचं माहेर मिळणार नाही हे आधी मान्य करा. महसुली कागदाला बाईची ओळख नवऱ्यावरूनच हवी असते. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. काही ठिकाणी 'भ्र.' दिसेल, ते भ्रतार. दक्षिणेकडे 'मर्द', विदर्भात 'जौजे'. चारही शब्द नवऱ्याकडे बोट दाखवतात, बापाकडे एकही नाही.

म्हणून तिचं नाव शोधू नका, तिच्या आजूबाजूची माणसं शोधा. पहिला माणूस म्हणजे थोरला मुलगा. पहिलं बाळंतपण माहेरी. मूल जिथे जन्मलं त्या गावच्या जन्म-मृत्यूच्या पुस्तकात नोंद व्हायची, म्हणजे कोतवाल बुकात, गाव नमुना १४. तेव्हा थोरल्याची जन्मनोंद सासरच्या गावात न मिळणं हाच पुरावा समजा. धाकट्या दोघांची तिथे मिळाली आणि थोरल्याची नाही, तर ती आजोळच्या गावात असणार.

नोंद ओळखायची कशी? पानभर गावातलीच माणसं असतात आणि मधेच एका बापाच्या नावापुढे परगावचं राहणं येतं. 'गोविंद बिन अमुक, रा. मौजे तमुक' ('बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा) आणि पुढे 'मुलगा १'. मुलाचं नाव बहुतेक नसतंच, कारण बारसं व्हायच्या आत नोंद झालेली. नाव शोधत पानं उलटाल तर नोंद डोळ्यांसमोरून निघून जाईल. बापाचं नाव आणि परगाव, एवढ्या दोनच गोष्टींवर नजर ठेवा. खबर कोणी दिली ते लिहिलेलं असलं तर बहुधा तोच मुलाचा आजा किंवा मामा, आणि आडनाव तिथेच मिळतं.

शेंडेफळ
आप्पा, पण हे गोल गोल झालं. कोतवाल बुक बघायला गाव माहीत हवं आणि गाव कळायला कोतवाल बुक.

आप्पा_दप्तरी
बरोबर पकडलंत. गावासाठी शाळेचं जनरल रजिस्टर. थोरला मुलगा ज्या प्राथमिक शाळेत गेला तिथल्या रजिस्टरात 'जन्मस्थळ' असा रकाना असतो. उतारा मागताना नुसता सोडल्याचा दाखला घेऊ नका, मूळ पानाची साक्षांकित प्रत मागा. नवा दाखला लिहिताना कारकून जन्मस्थळात राहतं गाव टाकून मोकळा होतो.

जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. १ जून ही गुरुजींनी लावलेली तारीख. मूल सहा वर्षांचं दिसलं की दाखल करून घ्यायचं आणि तारीख मागे मोजून लिहायची. दोन-तीन वर्षांचा फरक धरून चला. १९११ असेल तर कोतवाल बुकं १९०८ ते १९१४ मागा.

खडू
जन्मपत्रिका असेल तर तीही काढा. पत्रिका करणाऱ्याला जन्मस्थळ लागतंच, त्याशिवाय लग्नरास (जन्मवेळी उगवणारी रास) काढता येत नाही. पुष्कळ जुन्या पत्रिकांत वरच्या बाजूला आईचं नाव आणि गाव असतं. देव्हाऱ्याखालच्या पेटीत, लाल फडक्यात गुंडाळलेल्या त्या लांब पट्ट्या उलगडायचे कष्ट मात्र कोणी घेत नाही.

गोदाकाठ
तुम्ही सगळे तहसीलच्या दारात उभे आहात. आधी तीर्थोपाध्यांकडे जा. बाई १९३८ला गेली. अस्थी रामकुंडावर नेल्या असतील तर मुलाची नोंद उपाध्यांच्या १९३८-३९च्या नामावळीत, म्हणजे यजमानांच्या वहीत, असायला हवी. नंतर कोणी गया, काशी, प्रयाग किंवा त्र्यंबकेश्वर केलं असेल तर तिथेही.

तिथे माहेर का सापडतं ते सांगते. श्राद्धात फक्त बापाकडचे पितर नसतात. मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह, म्हणजे आईचा बाप, आजा, पणजा, यांनाही सपत्नीक पिंड द्यायचे असतात. मुलाला ही नावं आणि गोत्र उपाध्यांपुढे सांगावीच लागतात. बऱ्याच वह्यांत यजमानाच्या नोंदीखाली आजोळचं आडनाव आणि गाव टिपलेलं असतं. म्हणून पणजोबांची नोंद मागू नका, तिच्या मुलाची मागा. पणजोबांच्या नोंदीत *त्यांचं* आजोळ मिळेल, म्हणजे एक पिढी चुकेल. ही चूक फार जण करतात.

जाताना आडनाव, मूळ गाव आणि तीन पिढ्यांची नावं लिहून न्या. वह्या आडनावावर नाहीतर गावावर लावलेल्या असतात. घराणं गाव सोडून दुसरीकडे गेलं असेल तर मूळ गावच सांगायचं. उपाध्यांच्या घरात वाटण्या झाल्या की वह्याही वाटल्या जातात, त्यामुळे पहिल्या घरी 'नाही' ऐकलं तर अमुक गावाची वही कोणाकडे गेली ते विचारा. आणि आपला अंदाज आधी बोलून दाखवू नका. 'औंधकर आहे का बघा' म्हटलंत तर औंधकरच सापडतील!

आप्पा_दप्तरी
नामावळीबद्दल आदर आहे, पण तो सांगीव पुरावा. दशक्रियेच्या दिवशी रडवेल्या मुलाने आईच्या आज्याचं नाव बरोबरच सांगितलं असेल असं नाही.

गोदाकाठ
आणि फेरफार काय आकाशवाणीने होतो? तोही वर्दीवरच.

आप्पा_दप्तरी
वर्दीवर होतो, पण पुढे नोटीस निघते, कोणाची हरकत असेल तर ती येते आणि मग नोंद मंजूर होते. भावकीत खोटं नाव खपत नाही. तरी मान्य. दोन्हीकडून एकच आडनाव आलं तर पक्कं धरा.

फेरफाराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पिंपळपान, सासरचे फेरफार 'पाहून झाले' म्हणजे काय पाहिलं? हस्तलिखित सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या रकान्यात वर्तुळात जे आकडे असतात, तेच फेरफार क्रमांक. त्यातला प्रत्येक उतरवून मूळ फेरफार काढायचा, नमुना ६. कंसात टाकलेली नावं सोडू नका. कंस म्हणजे त्या माणसाचा हक्क गेला, नोंद गेली नाही.

त्यात 'अ.पा.क.' शोधा, म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) मुलाचा पालनकर्ता. पणजोबा मुलं लहान असताना गेले असतील तर मुलांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' येतं. आणि आईही गेली असेल तर पुष्कळदा 'अ.पा.क. मामा अमुक अमुक'. तीन अक्षरांमागे अख्खं माहेर आडनावासकट उभं असतं. १९३८ साली धाकटा मुलगा अज्ञान असला तर हे बघाच.

कुठलासा
फेरफार घरबसल्या मिळतात की. आपले अभिलेखच्या संकेतस्थळावर स्कॅन आहेत.

आप्पा_दप्तरी
आहेत, पण नावावर शोध चालत नाही. गाव, अभिलेखाचा प्रकार आणि सर्व्हे किंवा गट नंबर द्यावा लागतो. दुसरी अडचण अशी की आजचा गट नंबर जुन्या कागदावर नाहीच. १९४७च्या कायद्यानंतर एकत्रीकरण झालं तेव्हा सर्व्हे नंबरांचे गट पडले. गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर काढायला ९(३) ९(४)चा उतारा लागतो. तो न काढता १९२०चा कागद मागितला की 'आढळून येत नाही' असा शिक्का मिळतो. आणि कारकून खोटं बोलत नसतो, त्या नंबराचं खरंच काही नसतं.

उंबरठा
माहेरच्या बाजूने शोधायचं तर १९५६ ही रेघ लक्षात ठेवा. हिंदू वारसा कायदा त्या वर्षी १७ जूनला लागू झाला. त्याआधी बाप वारला आणि मुलगे होते, तर वारस फेरफारात मुलींची नावं येत नाहीत. त्यानंतर येतात, तीही सासरच्या नावाने: 'अमुक भ्र. तमुक, रा. फलाणे'. पिंपळपान यांच्या पणजीचा बाप १९५६पर्यंत जगला असेल ही शक्यता कमी, त्यामुळे हा रस्ता तिला उपयोगी नाही. भाऊच नसता तर गोष्ट वेगळी.

पण आजीचं माहेर शोधणाऱ्यांसाठी हा सगळ्यात सोपा रस्ता. शिवाय हक्कसोडपत्र. भावांनी बहिणींकडून सह्या घेतल्या असतील तर नोंदणीकृत दस्त असतो. नोंदणी कायद्याच्या कलम ५७प्रमाणे पुस्तक क्रमांक १ आणि त्याची सूची कोणालाही पाहता येते. पुस्तक ३, म्हणजे मृत्युपत्रं, मात्र असं चाळायला मिळत नाही; मृत्युपत्र करणारा वारल्यावर नोंदीची नक्कल तेवढी कोणालाही मागता येते.

शेंडेफळ
म्हणजे बहिणीचं नाव कागदावर आलं ते हक्क सोडण्यासाठी. छान.

मोडीवेडी
+१

आणखी एक खड्डा. 'सरस्वती' हे तिचं माहेरचं नावच नसेल! लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं की जुनं संपलं. माहेरच्या कागदात ती यमुना, ठकू, चिमी, काहीही असू शकते. घराण्याचा छापील कुलवृत्तांत असेल तर त्यात दोन्ही नावं देतात, सुनेच्या पुढे माहेरचं नाव, बापाचं नाव, गाव. पण कुलवृत्तांत सगळ्या घराण्यांचे नाहीत. असले तर दोन्ही बाजूंचे ताडून बघायचे: इथे सून म्हणून, तिथे कन्या म्हणून. एकाच बाईच्या दोन नोंदी जुळल्या की मग काही शंका राहत नाही.

मोडी कागद वाचताना अडचण अक्षराची कमी आणि जागेची जास्त. रेघ आधी आखून घेतात आणि अक्षरं तिला लोंबकळत जातात. दोन शब्दांत फट नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेला नाही. 'सरसवतीकोमगोवींद' हे एकाच दमात लिहिलेलं असतं. नवशिका 'कोम' आडनावात जोडून 'कोमगोवी' नावाचं एक घराणं जन्माला घालतो. आधी पानावर 'कोम' आणि 'बिन' कुठे कुठे आहेत ते पेन्सिलीने (छायाप्रतीवर, मूळ कागदावर नाही!) वेगळे करा. मग नावं आपोआप सुटी होतात.

खडू
जुन्या कागदांत इसवी सन नसतो, शक, फसली, शुहूर अशा वेगळ्या कालगणना असतात. त्यांचं कोष्टकही देऊन टाकतो, नाहीतर दहा वर्षं चुकीची पुस्तकं मागाल. शकात ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. फसलीत ५९० किंवा ५९१. शुहूर असेल तर ५९९ किंवा ६००. म्हणजे फसली १३२१ = १९११-१२. आकड्यापुढे 'सन' दिसलं की इसवी समजू नका.

विदर्भवासी
हे सगळं मुंबई इलाख्याचं चाललंय. आमच्याकडे १९५४-५५चं अधिकार अभिलेख आणि त्यामागे बंदोबस्ताची (जमीन महसूल आकारणीची) मिसल. मराठवाड्यात जुने निजामकालीन कागद उर्दूत, 'बिन'च्या जागी 'वल्द', आणि साधारण १९५४-५५चं खासरा पत्रक. तिथे नुसती मोडी शिकून भागत नाही, उर्दू शिकस्ता (घसटं हस्ताक्षर) वाचणारा माणूस लागतो.

मांडवी
गोव्यात उलट परिस्थिती. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदीत आईबापांबरोबर दोन्हीकडचे आजी-आजोबा येतात. पोर्तुगीज काळातल्या नागरी जन्मनोंदीतही तसंच. मुलाचा एक दाखला काढला की आजोळ हातात. पोर्तुगीज तेवढं वाचता आलं पाहिजे.

कुठलासा
२०२३नंतर कुणबी नोंदींसाठी कोतवाल बुकं स्कॅन झाली ना? जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार आहेत. तिथेच बघायचं.

आप्पा_दप्तरी
बघा, पण बहुतेक ठिकाणी ज्या पानावर तशी नोंद सापडली तेवढीच पानं चढवली आहेत. अख्खं पुस्तक नाही. तिथे नाही म्हणजे दप्तरात नाही, असं धरू नका.

रिकामटेकडा
आता आरक्षणावर तीनशे प्रतिसाद येणार. रुमाल घट्ट धरतो.

कुठलासा
नाही नाही, त्याचा वेगळा धागा आहे. एवढं सगळं करण्यापेक्षा डीएनए चाचणी करा. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडूनच येतो.

मोडीवेडी
येतो. पण त्यावर आडनाव कोरलेलं नसतं. शिवाय तो आईच्या आईच्या आईचा. पिंपळपान यांची पणजी वडिलांकडची असेल तर हा धागा तिच्यापर्यंत पोचतच नाही.

उंबरठा
कोरलेलं वरून आठवलं. भांडी! माळ्यावरची तांब्यापितळेची जुनी भांडी खाली उतरवा. नाव घालायची पद्धत होती. छिन्नीने टिंब टिंब ठोकून काठाखाली किंवा गळ्यावर. लग्नात माहेरून आलेल्या घागरीवर, परातीवर, समईच्या बैठकीवर देणाऱ्याचं नाव असतं, कधी साल, कधी गावाचं आद्याक्षर.

घासून घासून अक्षरं पुसट झालेली असतात. चिंच लावून लखलखीत करू नका, खाचेतला काळेपणा गेला की वाचता येणार नाही. भांडं कोरडं पुसा, अंधारात विजेरी जवळजवळ आडवी धरा, म्हणजे टिंबांच्या सावल्या पडतात. तरी नाही जमलं तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. एकाच भांड्यावर दोन नावं सापडली तर खरवडलेलं किंवा जास्त झिजलेलं आधीचं. मोडीत (भंगारात) आलेली भांडी बदलून घेत, त्यामुळे एकट्या घागरीवर निकाल देऊ नये, पण दोन-तीन भांड्यांवर तेच आडनाव असेल तर तो आहेरच.

शेंडेफळ
हे भारी आहे. आणि आहेराच्या वह्या? थोरल्याच्या लग्नातल्या आहेराच्या यादीत मामाचा आहेर असणारच.

उंबरठा
हो! मामाचं नाव यादीत पहिल्या चार-पाच ओळींत असतं आणि रक्कमही डोळ्यात भरते. थोरल्याची लग्नपत्रिका असली तर तीही बघा.

गोदाकाठ
जात्यावरच्या ओव्या म्हणणारं घरात कोणी उरलं असेल तर त्याही लिहून घ्या. माहेरच्या वाटेवरची नदी, देऊळ, भावाचं नाव त्यात येतं. पुरावा म्हणून नाही, दिशा म्हणून.

पिंपळपान
सगळ्यांचे आभार. थोरल्याच्या शाळेच्या जनरल रजिस्टरच्या पानाची प्रत मिळाली. जन्मस्थळ: आटपाडी. जन्मतारीख अर्थातच १ जून. पण मग 'औंधकरीण' कशी? औंध तर खटाव तालुक्यात.

आप्पा_दप्तरी
मग जुळलंच की! आटपाडी औंध संस्थानात होती. संस्थान बहात्तर गावांचं आणि तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. माणच्या लोकांच्या दृष्टीने शेजारची आटपाडी म्हणजे 'औंधचा मुलूख', तिथून आलेली ती औंधकरीण. हाक गावाची नाही, संस्थानाची.

म्हणूनच सातारच्या दप्तरात काही मिळत नव्हतं. १९४८ला संस्थान विलीन झालं, १९४९ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६०ला त्याचं नाव सांगली. आटपाडी तिकडे गेली. आता अर्ज असा करा: आटपाडी तहसीलच्या अभिलेख कक्षात, मौजे आटपाडी, गाव नमुना १४ किंवा तत्कालीन संस्थानी जन्म-मृत्यू नोंदवही, सन १९०८ ते १९१४, पाहणीसाठी. 'किंवा तत्कालीन संस्थानी' हे शब्द घालाच, नाहीतर नमुना १४ नाही म्हणून अर्ज परत येईल. तिथे नसेल तर संस्थानी दप्तर जिल्ह्याला आहे की पुराभिलेखागारात, ते लेखी उत्तरात मागा.

मोडीवेडी
आणि नोंदीत आजोबाचं आडनाव 'पाटील', 'देशमुख' किंवा 'कुलकर्णी' निघालं तर तिथे थांबू नका, ते वतन (वंशपरंपरेचा हुद्दा) असू शकतं. वतनाच्या कागदात कुर्सीनामा (वंशावळ) लावलेला असतो, त्यात मूळ आडनाव मिळतं.

पिंपळपान
वंशावळीतलं 'औंधकर' खोडलं. अर्ज सोमवारी देतो. माळ्यावरच्या एका परातीवर 'वि.' आणि पुढे 'आट' वाचता येतंय, त्यानंतरचं झिजलंय.

उंबरठा
पेन्सिलीचा ठसा घेऊन इथे टाका. परात सरळ ठेवून नका घेऊ, कडेचा गोलावा कागद उचलतो. उपडी घालून काठावर पट्टी चिकटवा आणि मग घासा.